स्मृतिफलकांच्या भिंतीशेजारचं लग्न: एका जुन्या लष्करी चॅपलचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची, संस्थेची आणि गावाची नावं दिलेली नाहीत. मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो. चुन्याच्या गिलाव्याबद्दल सल्ला द्यायला चॅपल सांभाळणाऱ्या ट्रस्टने मला बोलावलं होतं. मराठी येतं म्हणून पुढे ट्रस्ट आणि लग्नघर अशा दोन्ही बाजूंच्या बैठकांना बसलो.

पार्श्वभूमी

दक्षिण इंग्लंडमधल्या एका जुन्या छावणीत हे चॅपल आहे. विटांचं, उंच छपराचं. आत शिरलं की दोन्ही लांब भिंतींवर पितळी आणि संगमरवरी स्मृतिफलक दिसतात. शीतयुद्ध संपत आलं तेव्हा, १९९० मध्ये, ब्रिटिश सरकारने सैन्यकपातीची योजना जाहीर केली आणि पुढच्या वर्षांत अशा कितीतरी छावण्या रिकाम्या झाल्या. बराकींचे फ्लॅट करता येतात, परेडच्या मैदानावर घरं बांधता येतात. चॅपलचं काय करायचं, हा प्रश्न मात्र बिल्डर शेवटपर्यंत बाजूला ठेवतो. तोवर छप्पर गळायला लागलेलं असतं.

याच भागात त्याची दोन उत्तरं पाहायला मिळतात. साउदॅम्प्टनजवळ नेटलीला क्रिमियन युद्ध संपल्यावर लगेच, १८५६ मध्ये, व्हिक्टोरिया राणीने एका अवाढव्य लष्करी रुग्णालयाची पायाभरणी केली. इमारत जवळपास पाव मैल लांब होती. १९६६ मध्ये ती पाडली आणि मधलं चॅपल तेवढं ठेवलं. पोर्टस्मथच्या रॉयल गॅरिसन चर्चचं छप्पर १९४१ च्या जानेवारीत बॉम्बहल्ल्यात गेलं. तिथे सभागृहाचा भाग आजही मुद्दाम उघडाच ठेवला आहे आणि वेदीकडचा भाग तेवढा छपराखाली आहे. हे चर्च ज्या डोमस डेई या वास्तुसमूहातलं, तिथेच १६६२ मध्ये दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांचं लग्न झालं आणि त्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली. पोर्टस्मथला जाणाऱ्या मराठी माणसाने तिथे थोडा वेळ थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या प्रकरणातलं चॅपल एवढं प्रसिद्ध नाही. गावातल्या काही लोकांनी ट्रस्ट स्थापन केला, लॉटरीच्या वारसा निधीतून अनुदान मिळवलं आणि काही वर्षं खपून इमारत उभी केली. मधल्या काळात कुणीतरी आतून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक इमल्शन लावलं होतं. त्यामुळे भिंतीतला ओलावा आतच अडकला होता आणि विटा झिजत होत्या. तो सगळा थर काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केला, वर चुन्याची सफेदी दिली. भिंती पुन्हा श्वास घ्यायला लागल्या. कामातला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात नाजूक भाग हाच.

अनुदानातून इमारत दुरुस्त होते. दरवर्षीचा विमा, वीज, गटारांची सफाई त्यातून होत नाही. म्हणून ट्रस्टने चॅपल समारंभांना भाड्याने द्यायचं ठरवलं. गाण्याच्या मैफली, वाढदिवस, स्वागतसमारंभ सुरू झाले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी मात्र माजी सैनिकांची संघटना इथे शहिदांच्या स्मरणाचा कार्यक्रम करते, आणि तो दिवस कुणालाही भाड्याने मिळत नाही.

अडचण

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी एका मराठी कुटुंबाने चॅपल आरक्षित केलं. मुलाकडचे मूळ सातारा जिल्ह्यातले, इथे दुसरी पिढी. मुलगी पुण्याची. पाहुणे सव्वाशेच्या आसपास. कायदेशीर लग्न नोंदणी कार्यालयात आधीच उरकलं होतं. इंग्लंडमध्ये नागरी विवाहासाठी मान्यता असलेल्या जागेत विवाहाचा विधी धार्मिक असून चालत नाही, म्हणून इथली बहुतेक हिंदू कुटुंबं कागदोपत्री लग्न आधी करतात आणि विधी नंतर. त्या बाजूने कसलाही गुंता नव्हता.

गुंता झाला तो सजावटीचा आराखडा आल्यावर. सजावटकाराने जागा फोटोंवरूनच पाहिली होती. वेदीच्या जागी स्टेज, स्टेजवर मंडप, मंडपात होमकुंड आणि दोन्ही लांब भिंतींवर वरपासून खालपर्यंत पांढरं-सोनेरी कापड, असा त्याचा आराखडा होता. कापड टांगायला भिंतीत हूक.

ट्रस्टने ताबडतोब नकार कळवला. हूक नाही, उघडी ज्योत नाही, हळद-कुंकू भिंतीजवळ नाही. कारणं खरी होती. ही इमारत सूचीबद्ध वारसा वास्तू आहे आणि तिच्या स्वरूपात बदल करायचा तर स्थानिक परिषदेची लेखी संमती लागते. ताज्या चुन्यावर हळदीचा डाग पडला तर तो पुसला जात नाही, सफेदीच पुन्हा द्यावी लागते. पण पत्रात कारण एकही नव्हतं, नुसती मनाईची यादी होती. मुलाच्या आईला ती यादी वाचून काय वाटलं असेल हे सांगायला नको. ‘आपलं लग्न यांना इथे नकोच आहे’ असा त्याचा अर्थ घरात लावला गेला.

सजावटकार हुशार निघाला. आठवडाभरात त्याने नवा आराखडा पाठवला. हूक गेले आणि जमिनीवर स्वतःच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या चौकटींवर कापड आलं. भिंतीला कुठेही स्पर्श नाही. नियमात शंभर टक्के बसणारा. आणि खरा प्रश्न इथेच सुरू झाला, कारण माजी सैनिकांच्या प्रतिनिधीने आता हरकत घेतली: फलक झाकायचे नाहीत. स्मरणदिन दोन-तीन आठवड्यांवर आला आहे आणि इथे नाचगाणं चालू असताना ती नावं पडद्याआड ढकलणार, हे त्याला सहन होईना.

त्या फलकांवर नेमकं काय आहे हे तोवर कुटुंबातल्या कुणीच वाचलं नव्हतं.

समोरचे पर्याय

बैठकीत चार पर्याय मांडले गेले. पहिला, आरक्षण रद्द करून पैसे परत घ्यायचे आणि हॉटेलचा हॉल बघायचा. मुलाची आत्या याच बाजूची होती. दुसरा, नव्या आराखड्याप्रमाणे सगळ्या भिंती झाकायच्या. नियम मोडत नव्हता, तेव्हा माजी सैनिकांचं म्हणणं बाजूला सारायचा अधिकार ट्रस्टला होता. तिसरा, विधी गावातल्या कम्युनिटी हॉलमध्ये आणि इथे फक्त संध्याकाळचं स्वागत. चौथा मी सुचवला. मांडणीच फिरवायची. स्टेज वेदीकडे न ठेवता दक्षिणेच्या लांब भिंतीला लागून घ्यायचं, कारण त्या भिंतीवर खिडक्या जास्त आणि फलक कमी आहेत. तिथले दोन-तीन फलकही मंडपाच्या मागे उघडेच राहतील. पाहुण्यांची पाठ उत्तरेच्या भिंतीकडे येईल. होम बाहेर, फरसबंद अंगणात, चारी बाजूंनी उघड्या मांडवात.

हा पर्याय सुचला तो इमारतीच्या जुन्या नकाशावरून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश वॉर ऑफिसने अनेक छावण्यांत चॅपल-शाळा बांधल्या. आठवडाभर तिथे सैनिक आणि त्यांची मुलं शिकायची, वेदीचा कोनाडा फळ्या लावून बंद असायचा. रविवारी फळ्या उघडल्या की तीच खोली चॅपल व्हायची. आपल्या चॅपलचा नकाशाही तसाच आहे. सभागृहाच्या जागी ‘शाळा’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे या खोलीत पहिल्या दिवसापासून एकापेक्षा जास्त कामं चालत आली, आणि वेदी कधी झाकायची, कधी उघडायची याची सोय बांधणाऱ्यांनीच करून ठेवली होती. माजी सैनिकांच्या प्रतिनिधीला तो नकाशा दाखवला. नाचगाण्याबद्दलचा त्याचा सूर तिथेच बराच खाली आला. फलकांबद्दल मात्र तो ठाम होता, आणि मला ते योग्य वाटलं.

आत्याचा मुद्दाही मी हलका मानत नाही. शुभकार्यात मृतांची नावं समोर कशाला, असं तिचं म्हणणं. मंगलाष्टकं चालू असताना नजर वर गेली की ‘कॉलऱ्याने मृत’ असं वाचायचं, हे कुठल्याही आईला, आत्याला खटकेल. ही भावना अंधश्रद्धा म्हणून उडवून लावली असती तर बैठक तिथेच संपली असती.

म्हणून ठरलं की निर्णय घेण्याआधी सगळ्यांनी एकदा चॅपलमध्ये यावं आणि भिंत वाचावी. मुलाचे आजोबा चाकाच्या खुर्चीवर बसून आले. उत्तरेच्या भिंतीवर पुणे, खडकी, अहमदनगर ही नावं आहेत: तापाने गेलेले, पटकीने गेलेले, काही फलकांवर सैनिकांच्या बायकामुलांचाही उल्लेख आहे. शेजारचा मोठा पितळी फलक मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकमधल्या पहिल्या महायुद्धातल्या लढायांचा. त्यावर काउंटी रेजिमेंटच्या जवानांची नावं ओळीने कोरलेली आहेत आणि खाली ‘कुत, १९१६’.

कुत म्हणजे कुत-अल-अमारा. तिथे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्की सैन्याचा जो वेढा पडला, त्यात अडकलेलं सैन्य म्हणजे ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या काउंटी पलटणी होत्या आणि १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीही होत्या. तिच्या १६ व्या ब्रिगेडमध्ये डॉर्सेटची दुसरी बटालियन आणि ११७ वी मराठा पलटण एकत्र लढली. अन्न संपल्यावर घोड्याचं मांस खाण्याची वेळ आली. शरणागतीनंतर कैदेत, वाळवंटातून पायी नेताना ब्रिटिश आणि हिंदी असे दोन्ही पलटणींतले कितीतरी मेले. ११७ व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला तो मेसोपोटेमियातल्या कामगिरीसाठी.

आजोबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि आपल्या गावच्या वेशीवरच्या दगडाबद्दल सांगितलं. साताऱ्यात, कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात असे दगड गावोगाव आहेत: या गावातून महायुद्धात इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. एकट्या अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावले. आजोबांच्या गावच्या दगडावर आकडे आहेत, नाव एकही नाही. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला जे मोठं स्मारक आहे, त्यावरही हाच भेद आहे. ब्रिटिश जवानांची नावं कोरली गेली, हिंदी सैन्यातल्या साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने ही असमानता २०२१ च्या अहवालात मान्य केली.

“आमच्या माणसांचा नुसता आकडा राहिला,” आजोबा म्हणाले. “यांची नावं तरी आहेत. ती लग्नासाठी झाकू नका.”

आत्या तरीही पटकन हो म्हणाली नाही. तिची शंका सोडवली गुरुजींनी, तीही फोनवर. ते म्हणाले, “ताई, लग्नाच्या आधी आपण नांदीश्राद्ध करतो ते कशासाठी? शुभकार्याला आधी पितरांना बोलवायचं असतं. गेलेल्यांची आठवण मंगलाला आड येत नाही.” होम बाहेर करण्याबद्दल विचारलं तर त्यांना त्यातही काही वावगं वाटलं नाही. मांडव उघड्यावर घालायचा हीच आपली मूळ रीत, असं ते म्हणाले.

चौथा पर्याय त्या संध्याकाळी सगळ्यांनी मान्य केला.

काय केलं

मांडणी फिरवल्यावर बाकीचे प्रश्न भराभर सुटले. कापड फक्त स्टेजच्या दोन्ही कडांना, चौकटीवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून. मंडपामागचे फलक तसेच राहिले. हळदीचा कार्यक्रम घरीच. अक्षतांना हळद-कुंकू न लावता साधे तांदूळ, आणि ते झाडून घ्यायला दोन माणसं. अंतरपाट, मंगलाष्टकं, माळा हे सगळं आत, आणि मग वाजतगाजत सगळ्यांनी अंगणातल्या मांडवात जायचं, होम आणि सप्तपदी तिथे. पाऊस आला तर काय, म्हणून मांडवाला वर ताडपत्री. ढोल फक्त बाहेर. आतलं संगीत रात्री दहापर्यंत, आणि वेदीच्या पायऱ्यांवर कुणी नाचायचं नाही.

उत्तरेच्या भिंतीजवळ ट्रस्टने दोन बाकं आणि मंद दिवा ठेवला. मुलाच्या वडिलांनी गावच्या दगडाचा फोटो मागवून घेतला आणि तो मेसोपोटेमियाच्या फलकाखाली छोट्या स्टँडवर ठेवायची परवानगी विचारली. माजी सैनिकांच्या प्रतिनिधीने ती आनंदाने दिली आणि स्वतःच मजकुराचं इंग्रजी लिहून आणलं. लग्नाच्या दिवशी तो कोट आणि पदकं घालून आला आणि मुलाकडच्या पंगतीत जेवायला बसला.

एक गोष्ट कुणाच्याच यादीत नव्हती. संध्याकाळी थंडी वाढली. चॅपलमधलं तापमान मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण चुना आणि लाकूड दोन्हींना झटपट गरम होणं मानवत नाही. जेवणाच्या कंत्राटदाराने व्हॅनमधून दोन मोठे गॅस हीटर आणून आत पेटवले, आणि कुणाला त्यात गैर काही दिसलं नाही. प्रोपेन जळतो तेव्हा पाणी तयार होतं. एक किलो गॅसमागे दीड किलोहून जास्त पाणी, वाफेच्या रूपात. सव्वाशे माणसांचा श्वास त्यात मिळवा. ही वाफ थंड भिंतीवर आणि त्याहून थंड पितळेवर जाऊन बसते. तासाभरात ट्रस्टच्या स्वयंसेविकेच्या लक्षात आलं की फलकांवरून पाण्याचे ओघळ येत आहेत. तिने हीटर बंद करायला लावले, दारं उघडली. कुटुंबातल्या बायकांनी शाली वाटल्या.

निष्पत्ती

लग्न चांगलं झालं. पाऊसही आला नाही. फलक झाकले नाहीत म्हणून कुणाचा हिरमोड झाला नाही. उलट जेवणाआधीच्या वेळात पाहुण्यांची त्या भिंतीपाशी रीघ होती, आणि ‘अहमदनगर’ वाचून तिथला एक मामा मोठ्याने आपल्या मुलांना बोलवत होता.

भिंतीवर मात्र खुणा राहिल्या. उत्तरेकडच्या सफेदीवर तपकिरी ओघळ उमटले आणि मोठ्या फलकाच्या खालच्या कडेला काही दिवसांनी हिरवट डाग दिसू लागले. पितळ स्वच्छ करून त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा लागला, सफेदीचा एक पट्टा पुन्हा मारावा लागला. अनामत रकमेतून किती कापायचं यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी कंत्राटदाराने अर्धा खर्च दिला आणि उरलेला ट्रस्टने सोसला, कारण हीटर आणू नका असं त्यांच्या करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

स्मरणदिनाच्या कार्यक्रमाला मुलाचं कुटुंब आलं. गावच्या दगडाचा फोटो आता ट्रस्टच्या कायमच्या मांडणीत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

मनाईची यादी पाठवण्याआधी ट्रस्टने कारणं लिहायला हवी होती. ‘उघडी ज्योत नको’ आणि ‘आमचं छप्पर लाकडी आहे, अंगणात होमाला जागा आहे, या आणि बघा’ या दोन वाक्यांत नियम एकच आहे, पण पहिल्या वाक्याने लग्नघर दुखावलं. हिंदू लग्नात होम असणार हे आरक्षणाच्या वेळीच कळलं होतं, मग त्याच दिवशी अंगण दाखवता आलं असतं.

सजावटकाराने जागा न बघता दर दिला, ही या प्रकरणातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात टाळता येणारी चूक. जुन्या वास्तूत प्रत्यक्ष पाहणी झाल्याशिवाय आराखडा घ्यायचाच नाही, अशी अट घालायला हरकत नाही. पाहणीत जेवणाचा कंत्राटदारही असावा. हूक आणि ज्योत यांची भीती सगळ्यांना असते, वाफेचा विचार कुणी करत नाही. आणि नुकसान वाफेनेच झालं.

माजी सैनिकांना शेवटी बोलावलं गेलं, तेही त्यांनी हरकत घेतल्यावर. ज्यांच्या माणसांची नावं भिंतीवर आहेत त्यांना पहिल्या बैठकीत बसवलं असतं तर ती हरकत कदाचित सूचना म्हणून आली असती. तेच कुटुंबाबद्दल. भिंत वाचल्यावर त्यांचा निर्णय बदलला. चॅपल बघायला येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आता ट्रस्ट आधी उत्तरेच्या भिंतीपाशी नेतो, मग खुर्च्या आणि स्वयंपाकघर दाखवतो.

आपल्याकडेही पुणे, खडकी, देवळाली, अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) छावण्यांत जुनी चर्चं आणि सभागृहं आहेत, आणि त्यांतल्या काही ठिकाणी समारंभांचा विचार होईल. तिथे पावसाळ्यात हवा दमट, आणि चुन्याच्या भिंतीला एसीचा आणि जनरेटरचा वेगळाच त्रास. पण आराखडा हातात घेण्याआधी फलक वाचायचे, हे तिथेही करता येईल.

इकडे ट्रस्टसमोर एक प्रश्न उरला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चॅपल भाड्याने द्यायचं नाही, असं या वर्षापुरतं त्यांनी ठरवलं, कारण हीटरशिवाय पाहुणे थांबत नाहीत आणि हीटरने भिंत ओली होते. विटांच्या जमिनीखालून मंद उष्णता देणारी यंत्रणा बसवायची तर जमीन उकलावी लागेल आणि त्यासाठी परिषदेची संमती लागेल. हिवाळ्याचं बुडणारं उत्पन्न कुठून भरून काढायचं, याचा हिशोब खजिनदार पुढच्या बैठकीत मांडणार आहेत.